पाच सेंटांची जागा : जेकब रीस, भुकटीचा उजेड आणि न्यू यॉर्कचे बेघर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील न्यू यॉर्कमध्ये बेघर माणसाची गणना होत असे, पण त्याचे दर्शन होत नसे. किती जणांना रात्रीचा आसरा दिला याचे आकडे पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्यांत भरले जात, कोणत्या वस्तीत किती माणसे मेली याची टिपणे आरोग्य खात्याकडे साचत, थंडीने गारठून मेलेल्यांच्या दोन-चार ओळी वर्तमानपत्रांत येत. परंतु ज्या सुखवस्तू वर्गाच्या करांवर आणि मतांवर शहराचा कारभार चाले, त्याच्या डोळ्यांसमोर हे जग येत नसे, कारण ते मुख्यतः रात्रीचे, तळघरांचे आणि बिनखिडकीच्या खोल्यांचे होते आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नसे. ही अडचण १८८७ मध्ये दूर झाली. ती दूर होताच तिचा लाभ घ्यायला पुढे सरसावला तो एक पोलीस-वार्ताहर, वय अडतीस, तोवर कॅमेरा हाती न धरलेला. जेकब रीस यांच्या या उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाकडे छायाचित्रकलेच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले आहे. परंतु त्यांना स्वतःला हवा होता तो पुरावा, आणि म्हणून शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला शब्द अपुरे का वाटले आणि त्याने गोळा केलेल्या पुराव्याचे पुढे काय झाले, या अंगाने पाहणे अधिक उचित ठरते.

‘बेघर’ या शब्दाचा आजचा अर्थ त्या शहराला जसाच्या तसा लागू पडत नाही. घर सुटलेला माणूस तेथे एकदम रस्त्यावर येत नसे. तो पायरीपायरीने खाली उतरे आणि बहुतेक प्रत्येक पायरीचे भाडे ठरलेले असे. बावरी या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास रात्रनिवास होते, म्हणजे एका रात्रीपुरती झोपण्याची जागा विकणारी खासगी घरे. तेथे पंचवीस सेंट मोजणाऱ्याला फळ्यांचा आडोसा मिळे, त्याहून कमी मोजणाऱ्याचा आडोसा जाई, आणि दहा सेंटांच्या पायरीवर कपडे ठेवण्याची कुलपाची पेटीही जाई, कारण त्या पायरीवर पोहोचलेल्याजवळ कुलपात ठेवण्याजोगे काही उरलेले नसे. सात सेंटांत दोन ओबडधोबड वाशांमध्ये ताणलेली किंतानाची पट्टी मिळे, पांघरूण नाही. त्याखाली ‘पाच सेंटांची जागा’. ही जागा रात्रनिवासात नसून टेनेमेंटमध्ये असे. टेनेमेंट म्हणजे मजुरांच्या कुटुंबांना खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेली बहुमजली इमारत; मुंबईच्या चाळीशी तिचे नाते सहज जुळते, पण चाळीला जो मोकळा सज्जा असतो तो तिला नव्हता आणि आतल्या खोल्यांना कित्येकदा खिडकीच नसे. अशा खोलीचा भाडेकरू रात्री स्वतःच्या जमिनीचे तुकडे पाच-पाच सेंटांना विकी. हे कायद्याविरुद्ध होते आणि सर्रास चाले. ज्याच्याजवळ तेवढेही नसत तो शिळ्या बिअरच्या अड्ड्यावर जाई. दुकानांच्या रिकाम्या पिंपांच्या तळाशी राहिलेला गाळ तेथे विकला जाई आणि तो विकत घेणाऱ्याला रात्रभर बसू दिले जाई. सर्वांत शेवटी पोलीस ठाणे. ठाण्याच्या तळमजल्यावर किंवा तळघरात पुरुषांची आणि बायकांची अशा दोन वेगळ्या खोल्या असत. त्यांत खाट नव्हती, अंथरूण नव्हते, अंघोळीची सोय नव्हती, होती ती उघडी जमीन आणि फळ्या. वर्षाकाठी अशा रात्रींची बेरीज लाखाच्या पुढे जाई.

रीस यांना ही शेवटची पायरी ऐकीव नव्हती. डेन्मार्कमधील रिबे या जुन्या गावी ३ मे १८४९ रोजी एका शाळामास्तरांच्या घरी जन्मलेला, कोपनहेगनमध्ये सुतारकाम शिकलेला हा तरुण १८७० मध्ये अमेरिकेत आला, मिळेल ते काम करीत फिरला, उपाशी राहिला आणि त्याच वर्षी एका पावसाळी रात्री चर्च स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात आसऱ्याला गेला. तेथे झोपेत त्याच्या गळ्यातील सोन्याचे पदक चोरीस गेले, तक्रार करताच त्यालाच बाहेर काढण्यात आले, आणि त्याच्यामागे आलेले, रात्रभर पायरीवर थांबलेले भटके कुत्रे एका शिपायाने तेथेच आपटून मारले. ही हकीकत त्यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढे पंचवीस वर्षांनी त्यांनी पोलीस ठाण्यांतील आसरा बंद करवला, त्यामागे धोरण किती आणि ते कुत्रे किती, हे ठरवणे सोपे नाही. त्यांनी स्वतः तरी ते लपवले नाही.

१८७७ मध्ये ते ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चे पोलीस-वार्ताहर झाले आणि मलबेरी स्ट्रीटवर, पोलीस मुख्यालयासमोरच, त्यांचे कार्यालय आले. रात्रपाळी संपवून पहाटे दोन ते चारच्या दरम्यान ते आरोग्य खात्याच्या शिपायांबरोबर खोल्या मोजायला निघत. ठरल्यापेक्षा जास्त माणसे एका खोलीत कोंबलेली आढळली की नोंद करायची, एवढेच त्या शिपायांचे काम. दहा वर्षे रीस यांनी हे पाहिले आणि लिहिले. लिहिण्यात ते कमी नव्हते, त्यांची भाषा ठसठशीत होती, पण परिणाम होत नव्हता. वाचणाऱ्याला वाटे की वार्ताहर आहे, थोडे मीठमसाला लावणारच.

शब्दांना चित्राची जोड देण्याची कल्पना काही त्यांची नव्हती. लंडनमध्ये हेन्री मेह्यू यांनी शतकाच्या मध्यास कष्टकऱ्यांच्या आणि भटक्यांच्या तोंडच्या हकीकती छापल्या तेव्हा सोबतची लाकडी ठशांची चित्रे रिचर्ड बिअर्ड यांच्या छायाचित्रांवरून कोरलेली होती. १८७७ मध्ये जॉन थॉमसन यांनी लंडनच्या रस्त्यांची छायाचित्रे घेतली आणि अॅडॉल्फ स्मिथ यांच्यासह मजकूर लिहिला. या दोन्ही उद्योगांत एक गोष्ट समान आहे. चित्रातील माणूस दिवसाच्या उजेडात, रस्त्यावर किंवा सावरून बसलेला आहे, कारण त्याखेरीज चित्र निघणे शक्यच नव्हते. मॅग्नेशियम या धातूची तार जाळून गुहांत आणि खाणींत छायाचित्रे घेण्याचे प्रयोग १८६० च्या दशकात झाले होते, पण तार सावकाश जळते आणि झोपलेला माणूस तेवढा वेळ झोपून राहत नाही.

१८८७ मध्ये आडोल्फ मीठे आणि योहानेस गेडिके या दोन जर्मनांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून एक मिश्रण तयार केले. क्लोरेट उष्णतेने प्राणवायू सोडते, त्यामुळे भुकटी हवेची वाट न पाहता एका दमात भडकते. त्या झपाट्यात काळीकुट्ट खोली क्षणभर दुपारसारखी उजळते आणि मागे पांढरा धूर उरतो. दारूकामाशीच याचे जवळचे नाते आहे आणि धोकाही तोच. या शोधाची चार ओळींची बातमी रीस यांनी एका सकाळी न्याहारी करताना वाचली. रसायन त्यांना समजले असेल असे नाही. उपयोग मात्र तत्काळ समजला.

तरीही कॅमेरा त्यांनी लगेच हाती घेतला नाही. आरोग्य खात्यात जन्ममृत्यूच्या नोंदींचा विभाग सांभाळणारे डॉ. जॉन नेगल हे त्यांचे स्नेही हौशी छायाचित्रकार होते. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ हेन्री पिफर्ड आणि रिचर्ड हो लॉरेन्स या आणखी दोन हौशी मंडळींना बरोबर घेतले. भुकटीची काडतुसे प्रथम पिस्तुलातून उडवावी लागत. मध्यरात्री दार ढकलून आत शिरणारी चार-पाच अनोळखी माणसे, सोबत एखादा शिपाई, हातात पिस्तूल, बार, आणि डोळे दिपवणारा उजेड. आतली माणसे खिडकीतून आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून पळत सुटली यात नवल नाही. पिस्तुलाने काम होण्याऐवजी बिघडते हे ओळखून रीस यांनी पुढे साधा तळण्याचा तवा घेतला आणि भुकटी त्यावर पेटवू लागले. तंत्रात नवे काहीच न आणणारी ही सुधारणा वस्तीतल्या माणसाच्या नजरेने पाहिल्यास फार मोठी होती.

हौशी मंडळींना पहाटे दोनची वेळ फार दिवस मानवली नाही. पगारी छायाचित्रकार ठेवून पाहिला, तो आणखी अवघड निघाला. शेवटी जानेवारी १८८८ मध्ये रीस यांनी पंचवीस डॉलर खर्चून लाकडी पेटीचा कॅमेरा, पट्टीघरे आणि तिपाई विकत घेतली. या कॅमेऱ्यात ४ बाय ५ इंचांची काचेची कोरडी पट्टी बसे. ‘कोरडी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे: आधीच्या ओल्या पद्धतीत काचेवर रसायन जागेवरच चढवून, ते ओले असतानाच चित्र घेऊन, तेथल्या तेथे धुवावे लागे, म्हणजे छायाचित्रकाराबरोबर काळोखी खोलीही हिंडवावी लागे, कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या कोरड्या पट्टीने ते ओझे उतरवले, आणि म्हणूनच ज्याने आयुष्यभर पेन्सिल वापरली अशा माणसाला चाळिशीच्या उंबरठ्यावर हे काम पेलण्याजोगे झाले.

पेलले, पण सहजासहजी नाही. हात बसवण्यासाठी रीस हार्ट आयलंडवर गेले. शहरात बेवारस मेलेल्यांना जेथे सरकारी खर्चाने पुरले जाते ते हे बेट. लांब चरात पेट्या एकावर एक रचून माती लोटली जाते. तेथे त्यांनी एक पट्टी वापरली, उजेड हवा त्याच्या कितीतरी पट जास्त दिला, आणि वरताण म्हणजे ती पट्टी न वापरलेल्या अकरा पट्ट्यांत परत ठेवून दिली. मग ती एक सापडावी म्हणून बाराच्या बारा धुवाव्या लागल्या. निघालेले चित्र जवळजवळ काळे होते. एखाद्या व्यावसायिकाने ते फेकून दिले असते. रीस यांना पुढे पडद्यावर दाखवताना जाणवले की त्या काळेपणानेच चरातील पेट्यांना अशी काही उदासी येते जी कौशल्याने साधली नसती. चूक त्यांनी ठेवून घेतली आणि वर्षानुवर्षे दाखवली. शिकण्याच्या या काळात त्यांनी दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावली. भडका डोळ्यांवर आला तेव्हा चष्म्याने दृष्टी वाचवली. एका माळ्यावर आंधळ्या भिकाऱ्यांचे चित्र घेताना भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला, आणि खोलीत पाच आंधळी माणसे आणि दाराकडे मोडकळीस आलेले जिने असे असता रीस यांना ती आग एकट्यानेच विझवावी लागली. नंतर त्यांनी ही गोष्ट एका पोलिसाला सांगितली तेव्हा तो हसला आणि म्हणाला की त्या घराची घाणच एवढी आहे की ते जळायचे नाही.

पुराव्याची खरी परीक्षा बेयर्ड स्ट्रीटवरील एका खोलीच्या बाबतीत पाहायला मिळते. रीस यांच्या वर्णनानुसार ही खोली कोणत्याही बाजूने तेरा फूटही नव्हती आणि तीत बारा स्त्रीपुरुष झोपले होते, दोघे-तिघे कोनाड्यातील फळ्यांवर, उरलेले जमिनीवर. रॉकेलचा दिवा मिणमिणत होता, शेजारच्या खोलीतून मूल रडत होते. अशाच कोंबलेल्या खोल्यांचे अहवाल आरोग्य मंडळापुढे एरवीही जात आणि बाजूला पडत. आता अहवालाच्या मागोमाग, काळोख्या खोलीतून काढलेल्या आणि अजून पाणी निथळणाऱ्या काचा टेबलावर आल्या, आणि त्यांच्यापुढे युक्तिवाद उरला नाही. रीस यांनी हे मोठ्या समाधानाने नमूद केले आहे. शब्दांवर जगणाऱ्या माणसाने शब्द हरल्याची दिलेली ही कबुली आहे; तीत कडवटपणा मुळीच नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु टेबलावरची काच म्हणजे लोकांच्या हातातले छापील पान नव्हे. छायाचित्र मजकुराबरोबर छापण्यासाठी त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावे लागते. या हाफटोन पद्धतीचे तेव्हा नुकते कुठे बस्तान बसत होते आणि दैनिकांना ती झेपत नव्हती. त्यामुळे १२ फेब्रुवारी १८८८ रोजी ‘द सन’ने रीस यांच्या मोहिमेवर लेख छापला, तेव्हा छायाचित्रांऐवजी त्यांवरून काढलेली रेखाटने आली. डिसेंबर १८८९ च्या ‘स्क्रिबनर्स’ मासिकातील लेखातही तेच. १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक निघाले, त्यात सतरा हाफटोन चित्रे होती, पण ती इतकी मळकट की कित्येक ठिकाणी माणूस कोणता आणि गाठोडे कोणते हे कळू नये; उरलेली पुन्हा रेखाटनेच. चित्रकाराच्या हातून गेलेल्या चित्रात ओळी स्वच्छ होतात, शरीरे नीट बसतात आणि भुकटीच्या उजेडाने केलेला उघडेपणा नाहीसा होतो. म्हणजे ज्या अविश्वासावर मात करण्यासाठी लेखकाने एवढा खटाटोप केला, तो अविश्वास छापखान्याने मागच्या दाराने परत आणला, कारण रेखाटनात मीठमसाला लावता येतो हे वाचकाला ठाऊकच होते.

छायाचित्रांचे खरे काम झाले ते पडद्यावर. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील चित्र भिंगातून मोठे करून पडद्यावर पाडणारा दिवा, हे यंत्र रीस यांना परिचित होते. पोलीस-वार्ताहर होण्याआधी ब्रुकलिनमध्ये त्यांनी याच दिव्याने दुकानांच्या जाहिराती दाखवून काही काळ पोट भरले होते. महाराष्ट्रातही पुढे १८९० च्या दशकात कल्याणच्या पटवर्धनांनी हेच यंत्र ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने गावोगावी नेले. तेथे पडद्यावर रामायण-महाभारत आले, न्यू यॉर्कमध्ये पाच सेंटांची जागा आली. २५ जानेवारी १८८८ रोजी हौशी छायाचित्रकारांच्या संस्थेपुढे रीस यांनी पहिले व्याख्यान दिले. नंतर चर्चच्या सभागृहांत जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जेथे ते स्वतः पदाधिकारी होते त्या चर्चनेच नकार दिला आणि त्यांनी पद सोडले. इतर चर्चनी मात्र दारे उघडली. अंधाऱ्या सभागृहात माणसाहून मोठा चेहरा समोर येई, वार्ताहर त्याच्या बाजूला उभा राहून त्या खोलीचे भाडे सांगे, त्या घराच्या मालकाला मिळणारा नफा सांगे. लेखणी आणि काच येथे एका माणसाच्या हाती एकत्र आली. १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ही व्याख्याने देत राहिले.

१८९२ च्या सुमारास त्यांनी पोलीस ठाण्यांकडे कॅमेरा वळवला. एल्ड्रिज स्ट्रीटच्या ठाण्यातील एका चित्रात एक वयस्क बाई आहे, ठाण्याची झाडलोट करून तेथेच राहणारी, आणि तिच्या शेजारी तिचा बिछाना, म्हणजे उभी करून ठेवलेली फळी. दुसऱ्या एका चित्रात जमिनीवर ओळीने आडवी झालेली माणसे दिसतात, पायांशी भट्टी. याच सुमारास शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाची साथ आली आणि ती या खोल्यांतून पसरते हे दिसून आले. रीस यांनी आपली चित्रे डॉक्टरांच्या अकादमीपुढे ठेवली. तरी खोल्या चालू राहिल्या. १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले, त्यांनी रीस यांच्याबरोबर रात्री फिरून ठाणी पाहिली, चर्च स्ट्रीटचे ठाणेही पाहिले, आणि १५ फेब्रुवारी १८९६ रोजी सर्व ठाण्यांतील आसरा बंद करण्यात आला.

येथे इतिहास जरा अडखळतो. पुरावा जिंकला आणि पुराव्यात दिसणाऱ्या माणसाची जागा गेली, तीही भर हिवाळ्यात. शहराने पूर्व नदीच्या काठी एक मोठी नाव बांधून तिच्यात तात्पुरती सोय केली, नंतर रात्रनिवास काढला आणि १९०९ मध्ये ईस्ट ट्वेंटीफिफ्थ स्ट्रीटवर सरकारी रात्रनिवासाची मोठी इमारत उभी राहिली. तेथे अंघोळ होती, खाट होती, आणि चौकशीही होती. रीस यांना बंदीबद्दल कधी खेद झाला नाही, कारण बेघरांत त्यांनी मनाशी दोन वर्ग पाडले होते, हाताला काम शोधणारा प्रामाणिक मनुष्य आणि फुकटावर जगणारा भटक्या, आणि ठाण्यातील फळी दुसऱ्याला पोसते व पहिल्याला बिघडवते असे त्यांचे ठाम मत होते. छायाचित्रात मात्र हे दोन वर्ग वेगळे ओळखू येत नाहीत. ते मथळ्यात आहेत, आणि मथळा लेखकाचा आहे. इटालियन, ज्यू, चिनी आणि काळ्या लोकांविषयी त्यांच्या पुस्तकात जी सरसकट विधाने आहेत, त्यांचेही हेच.

चित्रेही सर्व अकस्मात टिपलेली नव्हेत. रस्त्यावर झोपलेल्या अनाथ पोरांचे प्रसिद्ध चित्र भर दिवसा घेतलेले आहे. पोरे एकमेकांना बिलगून डोळे मिटून बसली आहेत आणि त्यांतील एकाच्या ओठांवर हसू दाबलेले दिसते. मलबेरी स्ट्रीटच्या एका अंगणात शिडीवर बसून मातीची चिलीम ओढणाऱ्या भटक्याला रीस यांनी चित्रासाठी दहा सेंट देऊ केले. तो तयार झाला, पण लगेच चिलीम काढून खिशात घालून म्हणाला की ती सौद्यात नव्हती, ती हवी असेल तर पंचवीस सेंट पडतील. सेंटाला दोन मिळणारी ती चिलीम. रीस यांना द्यावे लागले. मध्यरात्रीच्या उजेडात दिपलेल्या शेकडो माणसांत आपल्या चित्राची किंमत स्वतः ठरवणारा हा जवळजवळ एकटाच आढळतो, आणि तो दिवसाच्या उजेडात आढळतो.

रीस यांनी स्वतःला कधी छायाचित्रकार म्हणवून घेतले नाही. आपला हात बोजड आहे असेच ते लिहीत. त्यांच्या संग्रहात नेगल, लॉरेन्स, पिफर्ड यांनी घेतलेली चित्रेही मिसळलेली होती आणि ती वेगळी ठेवण्याची काळजी त्यांनी घेतलेली दिसत नाही. पुरावा सादर झाला की त्याचे काम संपले, अशा वृत्तीने काचा लाँग आयलंडवरील रिचमंड हिल येथील घराच्या माळ्यावर गेल्या आणि विसरल्या गेल्या. छायाचित्रकार अलेक्झांडर अॅलंड यांनी कुटुंबाचा पाठपुरावा केल्यावर १९४६ मध्ये त्या सापडल्या; चारशेच्या वर नकारपट्ट्या, त्यांखेरीज पडद्यावर दाखवायच्या काचा. त्या न्यू यॉर्क शहराच्या संग्रहालयाकडे आल्या, अॅलंड यांनी मूळ काचांवरून मोठे ठसे काढले आणि १९४७ मध्ये प्रदर्शन झाले. बेयर्ड स्ट्रीटची खोली मूळ काचेवरून कागदावर उतरली तेव्हा चित्रकार केन्यन कॉक्स यांच्या जुन्या रेखाटनात सौम्य झालेला उजेड पुन्हा पूर्ण जोराने आला: रचलेली गाठोडी, भांडी, गोधड्यांतून वर निघालेले अर्धवट जागे चेहरे. चित्राच्या नावात रस्ता आहे आणि जागेचा दर आहे.